काच पन्नास किलोची, खालचा कोबा दोन टनांचा

(बोललो तसंच उतरवून घेतलं आहे. वाचताना अडखळू नये म्हणून दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केली आहेत, एवढंच.)

आजचा विषय ओला आहे. वरच्या मजल्यावरची बाथरूम, आणि तिच्यात बसवायची शॉवरची काच.

बारामतीतून, इंदापुरातून, मधल्या गावांतून मला जे मेसेज येतात, त्यातले निम्मे याच एका गोष्टीचे असतात. फोटो ठरलेला. कुठल्यातरी हॉटेलातली बाथरूम, काचेची भिंत, काळं हँडल, वरून पावसासारखा शॉवर. खाली लिहिलेलं, "दादा, आमच्या वरच्या बाथरूममध्ये असं बसेल का?"

बसेल की. बहुतेक ठिकाणी बसतं. पण मी उलट विचारतो, बाथरूमच्या खाली काय आहे? तर उत्तर येतं, "खाली म्हणजे? फरशी." फरशीच्या खाली? "स्लॅब असेल." आणि स्लॅबच्या खाली? मग जरा वेळ काहीच येत नाही. मग येतं, "देवघर."

तर आज काचेबद्दल कमी आणि त्या देवघराच्या छताबद्दल जास्त बोलणार आहे. माझी ओळख नव्या लोकांसाठी: सिव्हिलचा डिप्लोमा, वडील गवंडी. बारामती ते इंदापूर हा पन्नास-एक किलोमीटरचा पट्टा, त्यात घरांची कामं करतो.

आधी एक समजून घेऊ. आपल्याकडे अंघोळ ही जमिनीवर करायची गोष्ट होती. न्हाणी खाली, मागच्या बाजूला. दगडी फरशी, कोपऱ्यात बंब, आणि पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर, अळूला नाहीतर केळीला. त्या न्हाणीला वॉटरप्रूफिंग कुणी केलं नव्हतं, कारण गरज नव्हती. जे मुरलं ते जमिनीने प्यायलं. माडीवर अंघोळ कुणी करत नव्हतं. आता बाथरूम वर गेली आहे, पण डोक्यातला हिशोब अजून न्हाणीचाच आहे. "मुरलं तर मुरलं." वरच्या मजल्यावर मुरायला जमीन नाही ना. ती फरशी अधांतरी आहे. चार बाजूंच्या बीमवर टेकलेली, मध्ये हवेत. पाण्याला एकच वाट उरते, खालची.

आता वजनाचं बघू. लोक मला विचारतात, "एवढी जड काच स्लॅबला पेलेल का?" हिशोब करू. काचेचं वजन एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे १० मिलिमीटरची काच चौरस मीटरला २५ किलो. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच पॅनेल घेतलं तर ५० किलो. सिमेंटची एक गोणी. तुम्ही स्वतः त्याहून जड असाल.

आणि खाली? आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा फूटभर खाली घेतात, मिस्त्री त्याला संकन म्हणतात. त्यातून पाईप जातात आणि उरलेली जागा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात. पाच बाय आठ फुटांची बाथरूम धरा. फूटभर भरणं. साधारण दोन टन होतात. दोन टन! पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या थोडं वर, आणि त्याच्या डोक्यावरचा कोबा पाचशे चाळीसच्या आसपास. मुलापेक्षा दप्तर जड अशी गत. बरं, बाथरूममधल्या माणसा-सामानासाठी डिझाईनमध्ये धरायचे असतात चौरस मीटरला दोनशे किलो. म्हणजे तुमची ५० किलोची काच त्या हिशोबात कुठेच नाही.

आता वीट पाणी पिते. साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तर चालतं असं आपलं भारतीय मानकच म्हणतं. त्या कोब्यात फरशीच्या सांध्यांतून पाणी उतरत राहिलं, तर दोनशे लिटर सहज मुरून बसतं. एक अख्खं बॅरल, तुमच्या देवघराच्या डोक्यावर, आणि वरून काही दिसत नाही. फरशी चकाचक, काच चकाचक.

गॅलरीचं इथेच सांगून टाकतो, कारण मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. जुन्या बंगल्यात बेडरूमला लागून गॅलरी असते. लोक म्हणतात, हिची बाथरूम करू, काच लावू, ॲटॅच्ड होईल. अहो, ती गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात आहे. कॅन्टिलिव्हर. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या बाजूला असते, कारण ताण खाली येतो. गॅलरीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते, फरशीच्या जेमतेम खाली. गॅलरी संकन नसते, म्हणजे पाईप लपवायला तुम्ही वर सात-आठ इंच कोबा चढवणार. आणि ट्रॅपसाठी भोक पाडताना कुणी भिंतीजवळच ड्रिल लावला, तर त्या गॅलरीला धरून ठेवणारी सळईच कापली जाणार. अशा कामाला माझं उत्तर 'नाही' आहे. इंजिनिअरने ड्रॉइंग बघून लेखी दिलं तर गोष्ट वेगळी. "आमच्या शेजाऱ्यांनी केलंय" हे ड्रॉइंग नाही.

आता एक घर. गाव सांगत नाही, पण तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते. त्या दिवसांत या वाटेवरच्या घरांत वारकरी उतरतात. कुणी ओळखीचं असेल असं नाही, दरवर्षी तीच दिंडी येते, म्हणून घरचीच होते. जेवण, झोपायला ओसरी, आणि पहाटे अंघोळ.

या घरात मुलाच्या लग्नानंतर वरच्या बाथरूममध्ये काच लागली होती. फिटरने तळाला ॲल्युमिनियमचा चॅनेल टाकला आणि तो फरशीला स्क्रूने पक्का केला. अकरा भोकं. काम दिसायला एकदम छान. घरात वरच्या मजल्यावर माणसं दोन. दोन माणसांच्या अंघोळीने फरशी दुपारपर्यंत वाळते, त्यामुळे काही महिने कुणाला काही कळलं नाही. मग आषाढवारी. पहाटे तीनला अंघोळी सुरू झाल्या. बायकांसाठी वरची बाथरूम दिलेली. तीस-चाळीस जणी, एकीमागून एक, फरशीला वाळायची संधीच नाही. सूर्य उगवायच्या आत खाली देवघराच्या छतातून धार लागली. आजींनी देव ताम्हनात घेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर नेऊन ठेवले आणि पाहुण्यांना काही कळू नये म्हणून देवघराचा पडदा ओढला. कुणी अंघोळीला थांबवलं नाही. दारी आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं कसं?

मला फोन आला चार दिवसांनी. वरचं पाणी बंद करून चार दिवस झाले होते आणि खाली अजून थेंब पडत होता. घरच्यांना वाटत होतं पाईप फुटलाय. पाईप धडधाकट होता. कोबा भरलेला होता, तो रिकामा होत होता. हे लक्षात ठेवा, वरचा नळ बंद केल्यावर गळती थांबली नाही याचा अर्थ पाईप फुटला असाच होत नाही. आणि थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असतं असंही नाही. पाणी कोब्यात फिरतं, स्लॅबला सापडलेल्या पहिल्या फटीतून उतरतं.

फरशी काढली तेव्हा कळलं, अकरा भोकं हे अर्धंच कारण. संकनच्या तळाला कोटिंगच नव्हतं. कोब्यात वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळली होती, तेवढ्यावर भागवलं होतं. ती पावडर वाईट नसते, पण ती मीठ आहे, भाजी नाही.

खालच्या छताचं प्लास्टर काढलं, तर सळई गंजायला लागलेली. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फाडतो. आपण ज्याला 'पोपडे आले' म्हणतो ना, ते नेहमी रंगाचे नसतात. कधीकधी स्लॅबचेच असतात. आपल्या भागात हे लवकर होतं, कारण बऱ्याच ठिकाणी बांधकामाला बोअरचं खारं पाणी वापरलेलं असतं. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको असं आयएस ४५६ म्हणतं. कुणी तपासतं का? लॅबची फी टाईलच्या एका बॉक्सएवढी असेल, तरी नाही तपासत.

त्या घराची बाथरूम महिनाभर बंद राहिली. काय काय केलं ते सांगतो, कारण नवीन काम करणाऱ्यालाही हाच क्रम लागतो.

सगळा कोबा उपसला, स्लॅब उघडा केला, घासून धुतला. पाईप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून जातात ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. सत्तर टक्के गळती तिथूनच होते असं मिस्त्री म्हणतात, आकडा त्यांचा आहे, पण भावना बरोबर आहे. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या काटकोनात मसाल्याची गोलाई दिली, आपल्याकडे तिला वाटा म्हणतात. काटकोनात कोटिंग फाटतं, गोलाईवर टिकतं. मग सिमेंट-पॉलिमरचं कोटिंग, दोन हात. पहिला उभा मारला तर दुसरा आडवा, मध्ये कंपनीने डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ. भिंतीवर सगळीकडे फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. शॉवरचं पाणी भिंतीवर आपटतं, हे रीलमध्ये दिसतं, पण कोटिंग मारताना आठवत नाही.

मग पाणी भरून ठेवलं. ट्रॅपला गोळा लावला आणि पूर्ण दोन दिवस. खालच्या छतावर खडूने खुणा केल्या, सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर फोटो. ही चाचणी कुणी टाळायला लागलं तर काम थांबवा. "आपलं काम गॅरंटीचं असतं" म्हणणारा मिस्त्री पाणी भरायला का घाबरतो?

भरण्यासाठी पुन्हा विटा नाही घातल्या. हलक्या ब्लॉकचे तुकडे घातले, एएसी म्हणतात ते. विटेच्या कोब्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाचं वजन. तेही पाणी पितात, म्हणून भरण्याच्या वर, फरशीच्या खाली, कोटिंगचा दुसरा थर दिला. आणि संकनच्या तळाशी एक छोटा पाईप बाहेर काढला, डक्टमध्ये. उद्या काही उतरलंच तर तो पाईप टपकेल, देवघर नाही. या पाईपचा खर्च जवळपास शून्य आहे, आणि तो मला दहातल्या एका घरातही सापडत नाही.

उतार मीटरला दहा-पंधरा मिलिमीटर, ट्रॅपकडे. काचेच्या आतला उतार आत, बाहेरचाही ट्रॅपकडेच. मग काच.

काच बसवताना फरशीला भोक नाही. माझा हा एकच हट्ट आहे. शॉवरच्या कडेला ग्रॅनाईटचा तीन इंची उंबरा बसवायचा, त्याच्या खालून कोटिंग अखंड गेलेलं. चॅनेल उंबऱ्याला चिकटवायचा, स्क्रू मारायचे ते भिंतीला, आणि तिथेही भोकात सिलिकॉन भरून. उंबरा का? कारण आपण शॉवर लावतो आणि अंघोळ बादलीनेच करतो. खोटं नका बोलू. शेवटची अर्धी बादली अंगावर ओतली की सात-आठ लिटर पाणी एका क्षणात खाली येतं, ट्रॅप तेवढं लगेच ओढत नाही. हॉटेलात सपाट फरशी चालते, तिथे बादली नसते. आणि बादली, तांब्या, बसायला पाट हे सगळं तीन बाय तीनच्या काचेच्या कपाटात मावत नाही, म्हणून मी चारही बाजूंनी बंद क्युबिकल सहसा सुचवत नाही. एक उभं पॅनेल, दार नाही, पाणी अडतं आणि माणूस मोकळा राहतो.

नवीन घर असेल तर अजून एक. स्लॅब वाकतो. घाबरू नका, सगळेच वाकतात, वर्षानुवर्षं हळूहळू. साडेतीन मीटरच्या गाळ्याला फरशीकाम झाल्यानंतर दहा मिलिमीटरपर्यंत वाकणं नियमातच बसतं. काच मात्र वाकत नाही. म्हणून ती फरशी आणि छत यांच्यामध्ये घट्ट ठोकून बसवायची नसते. वर मोकळी, खाली रबराच्या गुटक्यांवर, सांध्याला सिलिकॉन. सिमेंटमध्ये पक्की केलेली काच मी पाहिली आहे. देखणी होती, दोन पावसाळे टिकली.

काच घ्यायची ती टफन्डच. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली, फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, बारीक दाणे होतात. कोपऱ्यात शिक्का असतो, आयएस २५५३ चा, तो बघा. ही काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून माप फरशी आणि भिंतीच्या टाईल पूर्ण झाल्यावरच, तळाला, मध्ये आणि वर, तीन ठिकाणी. आपल्या भिंती ओळंब्यात असतात असं समजू नका. आणि टेम्पोतून उतरवताना तिला पोत्यावर टेकवा. टफन्ड काचेच्या मधोमध थाप मारली तरी काही होत नाही, पण कडेला फरशीचा टोला बसला तर ती आज नाही, महिन्याने, रात्री दोनला, आपोआप फुटल्यासारखी फुटते.

पेठेतल्या जुन्या वाड्यांबद्दल पण विचारतात. लाकडी तुळया, वर पाटाई, वर मातीचा थर. तिथे माझं मत सरळ आहे, माडीवर काच नकोच, बाथरूमच नको. ती फरशी चालताना हलते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. टाईलचा सांधा त्यात टिकणार नाही आणि तुळईचं भिंतीतलं टोक ओलीने कुजतं तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. घरात वर झोपणारं म्हातारं माणूस असेल, दुसरा इलाजच नसेल, तर दगडी भिंतीच्या कोपऱ्यात, तुळयांच्या टोकाजवळ, फायबरचा एकसंध ट्रे, पाईप उघडे आणि साधा पडदा. ट्रेला सांधा नसतो, पडद्याला वजन नसतं. वाड्याची शान खालच्या न्हाणीत काच लावून वाढवा की. तिथे जमीन आहे.

पाण्याचं थोडक्यात. नीरेच्या कालव्याचं पाणी इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेळतंय, त्याने ऊस आला आणि कितीतरी जमिनी खारवटल्याही. बोअरचं पाणी जड. काचेवर पांढरे डाग आठवड्यात दिसतात. उपाय अंघोळीनंतर वायपरचे चार हात, बस. डाग बसलेच तर पातळ व्हिनेगर. ॲसिड टाकू नका. ते डाग काढतं, आणि फरशीचे सांधे खातं, बिजागऱ्या खातं. म्हणजे गळतीला आमंत्रण पुन्हा आपणच द्यायचं. बिजागरी घेताना स्टीलचा नंबर विचारा, ३०४ ला खाऱ्या पाण्यात ठिपके पडतात, ३१६ जास्त टिकतं.

आणि तो पावसासारखा शॉवर. दहा मीटर उंचीच्या पाण्याला एक बार प्रेशर मिळतं. तुमची टाकी शॉवरच्या वर अडीच-तीन मीटर. म्हणजे पाव बार. पाऊस पडणार नाही, पागोळी पडेल. पंप लावायचा तर आधी भिंतीतले पाईप त्या दाबाला तपासून घ्या, जुन्या सांध्यांवर अचानक दाब टाकला की ते भिंतीच्या आतच सुटतात.

दार लावणारच असाल तर ते बाहेर उघडणारं हवं. आत कुणाला चक्कर आली आणि माणूस दारालाच टेकून पडला, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. आजी-आजोबांसाठी धरायची दांडी काचेला नाही, विटेच्या भिंतीला. टॉवेल अडकवायचा रॉड म्हणजे दांडी नव्हे, तो अंगाचं वजन घेत नाही. आणि गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर काचेचा विचार नंतर, आधी तो बाहेर काढा. बंद जागेत त्याच्यातून कार्बन मोनॉक्साईड येतो, वास नाही, रंग नाही, आणि माणूस शॉवरखालीच बसतो. काचेने आणि दाराने ती जागा आणखी घट्ट होते. गीझर भिंतीबाहेर, खिडकी उघडी, एवढं झाल्याशिवाय मी तरी काचेचं माप घेत नाही.

पुढच्या भागात टाकी. ती गच्चीवर नेमकी कुठे ठेवायची, कारण तिथेही खाली स्लॅबच आहे.